कथलाची कढई

आमच्या कारखान्यात पहिलं डोकं फुटलं ते एका स्टुलावरून.

कारखाना ट्रान्झिस्टर रेडिओ जुळवायचा होता. त्या काळी सोलापुरात कारखाना म्हटलं की गिरणी नाहीतर यंत्रमाग, आणि बायकांसाठी विड्या. आमचं त्यातलं काहीच नव्हतं. गावाबाहेर, अक्कलकोट रोडला पत्र्याचा एक लांबलचक हॉल होता. त्यात टेबलांच्या चार रांगा आणि त्या टेबलांशी बसलेल्या आम्ही साठ-सत्तर बायका. मुंबईहून सुटे भाग यायचे. ट्रान्झिस्टर म्हणजे हरभऱ्याएवढा काळा ठिपका, त्याला तारेचे तीन पाय. ते पाय पट्टीच्या, म्हणजे तांब्याच्या रेघा असलेल्या पातळ फळीच्या, भोकांतून ओवायचे, पट्टी उलटी करायची आणि तापलेल्या आयर्ननं, म्हणजे विजेच्या टोकदार दांडीनं, प्रत्येक पायावर कथलाचा थेंब सोडायचा. याला आम्ही डाग देणं म्हणायचो. दिवसभर डाग द्यायचे. बोटं भाजायची, डोळे चुरचुरायचे, पण सावलीत बसून काम होतं आणि महिन्याला पगार होता.

दुष्काळात आमचं घर मैंदर्गीहून सोलापुरात आलं. थोरला भाऊ, त्याला मी अण्णा म्हणायची, यंत्रमागावर लागला. मी सातवी झालेली. कुणीतरी सांगितलं, रेडिओवाल्यांना बारीक बोटांच्या पोरी पाहिजेत. मी गेले आणि लागले. माझ्या शेजारच्या स्टुलावर एक तेलुगू बाई बसायची, विणकराच्या घरातली, तिशीची, दोन पोरींची आई. तिला सगळ्याजणी अक्का म्हणायच्या. ती मला चेल्ली म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. अक्कानं लहानपणापासून विड्या वळल्या होत्या. तिची आई विड्या वळता वळता खोकून मेली होती. कारखान्यात आल्यावर पहिल्या महिन्यात तिनं काय केलं असेल, तर घरातलं विडीचं सूप चुलीत घातलं. हे तिनं मला हसत हसत सांगितलं होतं.

एक दिवस मुंबईहून पँटवाले दोन पाहुणे आले. ते आमच्या पाठीमागं उभे राहायचे, बघायचे, इंग्रजीत बोलायचे आणि पुढं सरकायचे. दोन दिवस हे चाललं. मग ते गेले. पुढच्या सोमवारी आम्ही आलो तर हॉल बदललेला. चार रांगांच्या तीन झालेल्या. चौथ्या रांगेची टेबलं बाहेर उन्हात, एकावर एक रचलेली. बसायला स्टुलं मात्र सगळी आतच होती, म्हणून बायका दाटीवाटीनं बसल्या.

कुणी काही सांगितलं नाही. सुपरवायझर होता, तिशी-पस्तिशीचा, सडपातळ माणूस, पुण्याकडून आलेला. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "फेरमांडणी आहे. काम सुरू ठेवा." आणि हसला. त्याला ती खोडच होती. अडचण आली की तो हसायचा.

आमच्यात कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणाली, लग्न झालेल्या काढणार. कुणी म्हणाली, उलट, पोरी काढणार, त्या लग्न करून जातातच. चष्मा असलेल्या काढणार, असंही ऐकलं. एका बाईनं चष्मा घरी ठेवायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत चारही बोटं भाजून घेतली. मग कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं, की पहिल्या रांगेतल्या तेवढ्या राहणार, मागच्या जाणार. तेवढं सगळ्यांना पटलं. कशावरून, ते विचारू नका. मागची रांग गेली होती एवढं डोळ्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून बायका भोंग्याच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसू लागल्या. एका सकाळी एक जाडजूड बाई आली तर तिच्या जागेवर दुसरी बसलेली. "ऊठ," ती म्हणाली. बसलेली म्हणाली, "तुज्या बापाचं नाव लिवलंय का हितं?" जाड बाईनं तिचा अंबाडा धरून तिला खाली ओढलं, लोखंडी स्टूल उचललं आणि तिच्या डोक्यात घातलं. एकदाच. असा आवाज मी त्याआधी फक्त नारळ फोडताना ऐकला होता. रक्त टेबलावर, पट्ट्यांवर, वाटीतल्या ट्रान्झिस्टरांवर उडालं. त्या दोघी एका गल्लीतल्या. सकाळी एका नळावर पाणी भरणाऱ्या. फुटलेलं डोकं टॉवेलात गुंडाळून टांग्यातून सिव्हिलला नेलं, आणि टांगा फाटकाबाहेर पडायच्या आत तिच्या रिकाम्या जागी तिसरीच जाऊन बसली होती. ते रक्त तिनं पदरानं पुसलं.

अक्का माझ्या कानाशी म्हणाली, "चेल्ली, आता आपण माणसं राहिलो न्हाई."

त्याच आठवड्यात लाकडी खोक्यातून कढई आली. तिचं खरं नाव काहीतरी वेगळं होतं. आम्ही तिला कढईच म्हटलं. चौकोनी, उथळ, लोखंडी, खालून विजेनं तापणारी. त्यात कथील वितळलं की चंद्रासारखं पांढरं दिसायचं. मुंबईचा माणूस ती दाखवायला आला. त्यानं भाग ओवलेली पट्टी चिमट्यात धरली, कथलावर अलगद टेकवली आणि उचलली. सगळे डाग एका दमात बसलेले. आम्ही अर्धा तास मान मोडून देतो ते सगळे. त्यानं ती पट्टी हातोहात आमच्याकडं फिरवली. बायका बघत होत्या आणि पुढं देत होत्या. अक्कानं पट्टी उलटसुलट केली, एका डागावर नख मारून बघितलं आणि म्हणाली, "चांगला हाय की." मग तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडं बघितलं.

संध्याकाळी फाटकावर सभा झाली. रेडिओच्या पेट्या बसवणारे पुरुष होते, त्यांची युनियन होती. त्यांच्यातला एक पुढारी स्टुलावर चढून बोलला. मग म्हणाला, "बायकांपैकी कुणी बोलणार का?" सगळ्यांनी मला ढकललं. मी काय बोलले ते आठवत नाही, पण शेवटी ओरडले, की कढई फोडू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बातमी माझ्या आधी घरी पोचली.

अण्णा दारातच उभा होता. त्याच्या हातात मागाला लागतो तसला चामडी पट्टा होता. त्याच्याकडंही काम अर्धंच होतं तेव्हा, सूत येत नव्हतं, मालक आज या उद्या या करत होता. घर माझ्या पगारावर उभं होतं, हे त्याला कळत होतं आणि तेच सोसत नव्हतं.

"पुढारीण झालीस व्हय?" तो म्हणाला. "बाकीच्या साठ जणी गप बसल्या, तुलाच लई कंड?"

पहिला पट्टा पाठीवर बसला. दुसरा मानेवर. माझ्या अंगावर इतकी वर्षं मार बसला होता की कसं आखडून बसायचं ते मला माहीत होतं. पण त्या दिवशी हॉलमधलं ते स्टूल डोळ्यांपुढून जात नव्हतं. वैनी चुलीपाशी भाकरी करत होती. मी तिच्या पुढ्यातलं लोखंडी उलथणं उचललं आणि अण्णाच्या मनगटावर हाणलं. उलथणं तव्यावरनं आलेलं, तापलेलं. पट्टा खाली पडला. अण्णानं मनगट धरून कानडीत एक शिवी दिली आणि भिंतीला टेकून खाली बसला. वैनी मधे आली. ती ना त्याच्याकडं बघत होती, ना माझ्याकडं. "भाकरी करपली," ती म्हणाली. अण्णानं त्यानंतर माझ्यावर कधी हात टाकला नाही. पण तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

आमच्यात एक बाई पोटुशी होती. पाचवा महिना. कुणाला कळू नये म्हणून ती पोट जुन्या धोतराच्या पट्टीनं घट्ट आवळून बांधायची. पोटुशा बायका आधी काढणार, असं तिच्या सासूनंच तिच्या डोक्यात भरवलं होतं. आम्हाला शेजारच्यांना ठाऊक होतं. आम्ही तिला ते सोड म्हणायचो, ती मान हलवायची. एका दुपारी ती स्टुलावरून उठली आणि जागच्या जागी खाली बसली. साडी खालून भिजत गेली. अक्कानं तिच्या पोटावरची गाठ सोडायचा प्रयत्न केला. गाठ इतकी ताणली होती की सुटेना. शेवटी कुणीतरी तारा कापायच्या कात्रीनं ती कापली. बाईच्या पोटावर पट्टीचे काळेनिळे वळ उठले होते. मूल हॉलमध्येच गेलं. आम्ही तिच्याभोवती साड्यांचा आडोसा धरला होता आणि त्या आडोशातून तिचं ओरडणं पत्र्याला जाऊन आपटत होतं.

तिला गाडीत घालून नेल्यावर सगळ्याजणी सुपरवायझरच्या टेबलाशी गेल्या. ठरवून नाही. पाय आपोआप तिकडं वळले. तो उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"सांगा," अक्का म्हणाली. "कोण जाणार, कोण राहणार, आत्ता सांगा."

"मला खरंच माहीत नाही हो," तो म्हणाला. "मला कोण सांगतंय? मला तरी ठेवतात की नाही..."

आणि तो हसला.

आज मला कळतं, ते हसू नव्हतं. माणूस रडू येऊ नये म्हणून करतो तसं काहीतरी होतं. पण त्या वेळी आमच्या पायांशी रक्त होतं आणि तो हसत होता. अक्काच्या हातात आयर्न होतं. तिच्या टेबलाची तार लांब होती, म्हणून ते चालूच होतं. तिनं त्याचा टेबलावर टेकवलेला हात आपल्या डाव्या हातानं दाबून धरला आणि पंजाच्या मागच्या बाजूवर आयर्न ठेवलं. टेकवून उचललं नाही. ठेवलं. वास आला. तो माणूस आधी ओरडलाच नाही. तोंड उघडून नुसता अक्काकडं बघत राहिला. मग ओरडला.

"अय्यो, हस आता!" अक्का किंचाळत होती. "हस की!"

मी तिला मागून कवेत धरून ओढलं. तिच्या अंगात इतकी ताकद होती की आम्ही दोघी टेबलासकट पडलो. आयर्न माझ्या पोटरीवरून घसरत गेलं. बाकीच्या बायका तोवर कढईकडं धावल्या होत्या. कढई बंद होती, कथील थिजलेलं. त्यांनी स्टुलांनी तिला बडवलं. लोखंडाला काही झालं नाही, दोन स्टुलांचे पाय वाकले. एकीनं खिडकीच्या काचा फोडल्या, दुसरीनं तयार रेडिओंच्या पेट्या जमिनीवर आपटल्या. पेट्या बसवणारे पुरुष दारात उभे राहून बघत होते. फाटकावर भाषण करणारा तो पुढारीही होता. तो आत आला नाही.

सुपरवायझरनं पोलिसात तक्रार दिली नाही. भीतीनं की दयेनं, मला माहीत नाही. हाताला बँडेज बांधून तो पुण्याला निघून गेला आणि परत आला नाही. तक्रार मॅनेजरनं दिली. अक्काला एक रात्र चौकीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी फाटकाला कुलूप होतं.

आम्ही फाटकासमोर बसलो. उन्हाळा होता आणि रस्त्यावर एकही झाड नव्हतं. बरोबर आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाटून खायचो. अक्का मधोमध बसायची. तिला सगळ्या मानायच्या आता, पण तिच्याजवळ चिकटून बसायला कुणी तयार नसायचं. मी बसायची. एकदा मी तिला विचारलं, "अक्का, त्याचा हात आठवतो का तुला?"

"आठवतो," ती म्हणाली. "जेवताना आठवतो."

एका सकाळी माल न्यायला ट्रक आला. बायका आडव्या झाल्या. ट्रकमागून पोलिसांची गाडी आली. एकदा हटा म्हणाले, दुसऱ्यांदा लाठ्याच चालल्या. बायका आहेत म्हणून कुणी हात आखडला नाही. मी बघितलं, स्टुलानं डोकं फुटलेली ती बाई टाके अजून सुकलेले नसताना तिथं आली होती आणि तिच्यावर पडणारी लाठी त्या जाड बाईनं आपल्या खांद्यावर झेलली. खांदा उतरला तिचा. पलीकडच्या टपरीवरून कुणी सोड्याच्या बाटल्या भिरकावल्या. एक पोलिसाच्या तोंडावर फुटली. मग त्यांनी जे मारलं ते मी सांगत नाही. माझ्या करंगळीचं हाड त्या दिवशी मोडलं. ट्रक माल घेऊन गेला.

मग बोलणी झाली. कोणी केली, कुठं केली, आम्हाला ठाऊक नाही. पुढारी आला आणि म्हणाला, निम्म्याजणींना परत घेणार, हे मिळालं हेच लई झालं. मॅनेजर फाटकाच्या आतून खुर्चीवर उभा राहिला आणि एकेक नाव पुकारत गेला. ज्या पहिल्या रांगेसाठी डोकं फुटलं त्या रांगेचा आणि नावांचा काही संबंध नव्हता. जिचं मूल गेलं तिचं नाव नव्हतं. अक्काचं नसणार हे सगळ्यांना माहीत होतं, तिला सुद्धा. माझं नाव आलं.

मी अक्काकडं बघितलं. ती म्हणाली, "जाऊ नकोस, चेल्ली. एकजण बी गेली न्हाई तर ते काय करतील?"

मी म्हटलं, "अक्का, घरी अण्णाचं काम बंद हाय."

"माझ्या घरी कुणाचं चालू हाय?"

मी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तीसेकजणी एकमेकींचे हात धरून रस्त्यानं निघालो तर फाटकाअलीकडच्या वळणावर काढलेल्या बायका उभ्या होत्या. पोलीस लांब, झाडाच्या सावलीसाठी पार तिकडं जाऊन बसलेले. चपला, दगड, ओढ्याच्या कडेचा चिखल, जे हाताला लागलं ते आमच्यावर आलं. मग त्या स्वतः आल्या. माझी वेणी कुणीतरी मागून धरली. मी वळले तर अक्का.

तिनं मला मुस्काटात मारलं. मी हात वर केला नाही. तिनं पुन्हा मारलं, मग मुठीनं मारलं, मग मी पडल्यावर लाथेनं. ती मारत होती आणि तेलुगूत काहीतरी बोलत होती, "वद्दु, वद्दु," म्हणजे नको, नको. कुणाला नको म्हणत होती कोण जाणे. मार तर तीच देत होती. माझा पुढचा एक दात तिथं धुळीत पडला. तोंडातलं रक्त मी गिळलं, उठले आणि फाटकाच्या आत गेले. त्या दिवशी मी कढईवर काम शिकले. चिमट्यात पट्टी धरायची, टेकवायची, उचलायची. मुंबईचा माणूस म्हणाला, "तुमचा हात चांगला आहे."

पुढं दीड-दोन वर्षं मी त्या धुरात उभी राहिले. नंतर मुंबईहून सुटे भाग यायचेच बंद झाले. तयार रेडिओ तिकडूनच येऊ लागले, स्वस्तात. एका दुपारी मॅनेजरनं आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून सांगितलं, की आजचा दिवस शेवटचा. या खेपेला कुणी कुजबुजलं नाही, कुणी ओरडलं नाही. बायकांनी डबे उचलले आणि रांगेनं बाहेर पडल्या. मला वाटतं, आमच्यातलं भांडण संपून गेलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी मंगळवार बाजारात भाजीच्या गाळ्यापाशी अक्का दिसली. वाळली होती. अंगाला तंबाखूचा वास येत होता. मी बाजूला होऊन जाणार होते, पण तिनं मला बघितलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड वर केलं.

"त्या दिवशी पडलेला दात हाच का?"

"व्हय."

"लावून घे की दुसरा."

"राहू दे. जेवायला अडचण येत न्हाय."

तिनं हनुवटी सोडली. मेथीची एक जुडी उचलली, पानं चाळून बघितली आणि परत ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या दिवशी तू वळून परत आली असतीस ना चेल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाली असतीस, तर मी पुन्हा मारलं असतं."

"ठाऊक हाय मला."

"आणि तू पुन्हा गेली असतीस."

"गेले असते."

तिनं मान हलवली. तेवढ्यावर ते संपलं. मग तिनं माझ्या अण्णाचं विचारलं, मी तिच्या पोरींचं. थोरली विड्यांना बसत होती. धाकटीला अक्का अजून शाळेत धाडत होती. जाता जाता म्हणाली, आमच्या गल्लीत टॉवेलचा कारखाना हाय, काठ शिवायला बायका पाहिजेत. मला मशीन येत न्हाई, तुला येतं. उद्या ये, मी मालकाला सांगते.

दुसऱ्या दिवशी मी गेले. अक्का गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तिनं मला आत नेलं आणि मालकाला सांगितलं, "माझी बहीण हाय. मार खाऊन सुद्धा कामावर जाते."

मालक हसला. आम्ही दोघी हसलो नाही.